बरोबरीत सोडवलेला सामना

फ्रान्सचा तो टेनिसपटू आमच्या घरी उतरला त्याचं कारण माझं इंग्रजी नव्हतं आणि माझी प्रतिष्ठाही नव्हती. कारण होतं कमोड. वडिलांचा गुडघा धरला म्हणून बारामतीच्या घरात मी तो बसवून घेतला होता. सामना भरवणाऱ्या आबांच्या ओळखीत असा संडास असलेली घरं दोन होती. दुसऱ्या घरी मालक कुत्री पाळत, म्हणून पाहुणा आमच्याकडं आला. बायको म्हणाली, "तुमचं नाव कशानं तरी निघेल असं वाटत होतं, पण ह्यानं निघेल असं नव्हतं वाटलं."

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. मी तेव्हा तिशीत होतो, आता पन्नाशी ओलांडली आहे. माझा धंदा खासगी मोजणीचा: जमिनी, प्लॉट, बांध. आबांचा माझा संबंधही त्यातूनच आला. आबा इंदापूर तालुक्यातले, अंथुर्ण्याच्या बाजूचे. तरुणपणी पैलवान, आणि नंतर जत्रेत कुस्त्यांचं मैदान भरवणाऱ्या पंचांचे प्रमुख. त्यांच्या भावकीतल्या तीन बांधांची मोजणी मी केली होती आणि तिन्ही वेळा ती आबांच्या विरुद्ध गेली होती. त्यामुळे त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

आबांना टेनिसचं काहीही कळत नव्हतं आणि ते तसं उघड सांगत. त्यांचं दुखणं वेगळं होतं. "बारामतीला क्रिकेट हाय," ते म्हणत. "आपल्याकडं परदेशातनं काय येतं? भिगवणच्या पाण्यावर पाखरं. तीबी आपल्यासाठी येत न्हाईत, माशांसाठी येत्यात." तालुक्यात एकदा तरी काहीतरी आंतरराष्ट्रीय व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या शब्दात काय बसतं याबद्दल त्यांचा आग्रह नव्हता.

योग असा आला की टेनिसची एक खालच्या पायरीची स्पर्धा त्या हिवाळ्यात आपल्या देशात फिरत होती. तीन शहरांत तीन आठवडे खेळायचं, आणि ज्यांचे गुण जास्त त्यांनी चौथ्या, शेवटच्या आठवड्यात जायचं. जागतिक क्रमवारीचे गुण त्या शेवटच्या आठवड्याला पोचणाऱ्यांनाच. पुण्याचा तिसरा आठवडा संपला तेव्हा शेवटच्या एका जागेसाठी दोघांचे गुण सारखे भरले. एक हा फ्रान्सचा, दुसरा मद्रासचा. मुख्य पंचांनी ठरवलं की दोघांनी एक जादा सामना खेळावा आणि जिंकेल त्यानं पुढं जावं. पण लग्नसराई होती, आणि पुण्याच्या क्लबनं त्या आठवड्यात टेनिसची जागा मांडवासाठी दिली होती. आबा कुठल्याशा कामासाठी त्याच क्लबात चहाला बसले होते. पलीकडच्या टेबलावरचं बोलणं त्यांनी ऐकलं, उठले आणि म्हणाले की मैदान आमी देतो, राहणं-खाणं आमच्याकडं. पंच पुण्याचे, इस्त्रीच्या पँटीतले, नियमांचं पुस्तक खिशात बाळगणारे गृहस्थ होते. दुसरा इलाज नसल्यानं ते हो म्हणाले. सामना गुरुवारी ठरला. पाहुणा रविवारीच आमच्याकडं आला.

वय विसाच्या आसपास, अंगानं बारीक, नाकाची साल निघालेली. रॅकेटांची एक मोठी पिशवी, कपड्यांची एक लहान. तो व्यावसायिक खेळाडू आहे असं मला सांगितलं होतं, म्हणून मी त्याच्याबरोबर कोणीतरी असेल असं धरून दोन गाद्या टाकल्या होत्या. बरोबर कोणी नव्हतं. तो आपली रॅकेट आपण विणायचा, कपडे आपण धुवायचा, बसस्थानकावर तिकीट आपण काढायचा. दीड वर्षात तो नऊ देशांत खेळला होता आणि त्यातल्या सहांत पहिल्याच सामन्यात हरला होता. हे त्यानं मी विचारल्यावर सांगितलं. मी विचारायला नको होतं असं बायकोचं मत पडलं.

जगात त्याचा क्रमांक आठशे एकतिसावा होता. मला हा आकडा मोठा वाटला. म्हणजे चांगल्या अर्थानं. जगाची लोकसंख्या पाहता आठशे एकतिसावं असणं सोपं नाही, कोणत्याच बाबतीत. आबांना मात्र तो आकडा फलकावर नको होता. पेंटरनं 'जागतिक कीर्तीचे' असं लिहायला घेतलं होतं. मी म्हणालो की ते खरं नाही. आबा म्हणाले की आठशे एकतीस लिहिलं तर लोक इचारतील, पहिले आठशे तीस काय करत्यात. शेवटी 'जागतिक क्रमवारीतले' यावर तडजोड झाली. खाली 'फ्रान्स विरुद्ध मद्रास' आणि त्याखाली आबांचा फोटो, जो दोन्हींपेक्षा मोठा होता.

क्रमवारीचे गुण कसे असतात ते त्यानं मला पहिल्या संध्याकाळी जेवताना समजावलं. मिळालेला गुण वर्षभर टिकतो आणि मग आपोआप गळतो. त्याच्याजवळ जे थोडे होते ते महिनाअखेरीला गळणार होते. शेवटच्या आठवड्याला पोचला तर नवे मिळणार, नाहीतर आठशे एकतिसावाही राहणार नव्हता, कितवाच राहणार नव्हता. आणि दुसरी गोष्ट त्याचे वडील. ते शेतकरी होते. साखरेचं बीट पिकवत, तिकडच्या सहकारी कारखान्याला घालत. त्यांनी मुलाला दीड वर्ष दिलं होतं आणि निघताना एवढंच सांगितलं होतं: या दौऱ्यात हरलास की घरी ये आणि कामाला लाग. वडील एकदा बोलले की बदलत नाहीत, असं तो म्हणाला. मला ते समजायला अडचण आली नाही.

दुसऱ्या दिवशी आबा भेटायला आले. पाहुणा साखरवाल्याचा मुलगा आहे हे कळल्यावर त्यांना भरून आलं. मग ते ओसरीत नीट मांडी घालून बसले आणि उताऱ्याचा प्रश्न विचारला. म्हणजे शंभर किलो बिटाला साखर किती पडते. मी भाषांतर केलं. पाहुण्यानं खांदे उडवले. त्याला माहीत नव्हतं. मी पुन्हा विचारलं, त्याला तरीही माहीत नव्हतं. आबा माझ्याकडं सरकले.

"बापाच्या कारखान्याचा उतारा ठाऊक न्हाय," ते मला हळू आवाजात म्हणाले. "ह्या पोराला परत शेतावर पाठवून उपयोग न्हाय. ह्याला जितवायला पायजे."

त्याच बैठकीत घोटाळ्याची सुरुवात झाली. तिकडं तुम्ही कशावर खेळता, असं आबांनी विचारायला सांगितलं. पाहुणा म्हणाला, लाल मातीवर. लहानपणापासून लाल मातीवरच. सिमेंटवर त्याचा खेळ कमी पडतो. त्याचे सहा देशांतले सहा पराभव सिमेंटवरचे होते. मी हे जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आबा उठून उभे राहिले.

"तांबडी माती?" ते म्हणाले. "मग आधी का न्हाय सांगितलं. ह्यो तर आपलाच माणूस हाय."

मंगळवारी सकाळी मी टेप, दोरी आणि रेघा मारायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं घेऊन मैदानाची आखणी करायला गेलो. लांबी अठ्ठ्याहत्तर फूट, एकट्याच्या खेळाला रुंदी सत्तावीस फूट. पाहुणा माझ्या स्कूटरवर मागं बसून आला होता. आबांनी तालमीतल्या पोरांकडून रात्रीतून कुस्तीचा हौदा तयार करून घेतला होता. पुरा अठ्ठ्याहत्तर बाय सत्तावीस, वर चारी बाजूंना सढळ हातानं जास्त. चाळलेली तांबडी माती फूटभर खोल, त्यात ताक, हळद, तेल आणि लिंबं. वरून कापूर चुरलेला. माती खोऱ्यानं उकरून लोण्यासारखी मऊ केलेली. पडला तरी पैलवानाला लागू नये, अशी. वास फार चांगला येत होता.

पाहुण्यानं खिशातून चेंडू काढला, छातीच्या उंचीवरून सोडला. चेंडू मातीत बसला. वर आला नाही. आम्ही सगळे त्याच्याकडं पाहत होतो. पाहुण्यानं तो उचलून पुसला. चेंडूला हळद लागली होती.

"का, मऊ कमी पडती का?" आबांनी विचारलं.

मी आबांना समजावलं की या खेळात माणूस पडत नाही, चेंडू पडतो, आणि त्याला वर यावं लागतं. आबांना हे पटायला वेळ लागला. माती तांबडी ती पैलवानासाठी, आणि पैलवानासाठी ती मऊ, हे त्यांच्या हिशेबात तीन पिढ्यांचं गणित होतं. त्यात तिकडची तांबडी माती म्हणजे विटांचा दाबून बसवलेला चुरा असतो असं पाहुणा सांगायला लागला, तेव्हा आबांनी फ्रान्सबद्दलचं आपलं मत थोडं खाली आणलं. विटा कुटून वर खेळणारे लोक.

पण आबा अडून बसणारे नव्हते. मऊ माती कडक कशी करायची हे आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही. ज्वारीचं खळं दर वर्षी करावंच लागतं. दुपारपर्यंत पाणी मारलं गेलं. चार बैलजोड्या गोल फिरायला लागल्या. मग बाया चोपणी घेऊन बसल्या आणि माती ठोकायला लागल्या. मैदान चौकोनी असल्यामुळं बैलांना कोपरे जमेनात, तेव्हा पाहुण्यानं बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि एका जोडीचा कासरा हातात घेऊन कोपरे तुडवायला लागला. बैल त्याचं ऐकत होते. त्याचं इंग्रजी मला कळायचं तितकंच बैलांना त्याचं फ्रेंच कळत असावं. तालमीची पोरं आधी हसली, मग त्याच्याबरोबर उतरली. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला आपल्यातला धरला होता, आणि पुढं जे झालं ते यामुळंच झालं असं माझं मत आहे.

बुधवारी सगळं मैदान शेणकाल्यानं सारवलं आणि सुकायला सोडलं. माती खाली तांबडी, वरून हिरवट. मी त्यावर फक्कीच्या रेघा मारल्या. इतक्या स्वच्छ रेघा मी एन.ए. प्लॉटवरही मारल्या नाहीत. पाहुण्यानं पुन्हा चेंडू सोडला. या वेळी तो कमरेपर्यंत वर आला. बायांनी तोंडाला पदर लावला. पाहुण्यानं त्यांच्याकडं वळून दोन्ही हात जोडले.

गुरुवारी पंच आले, मद्रासचा मुलगाही आला. तो सावळा, शांत, मोठ्या सर्व्हिसचा. पंचांनी मैदान चालून पाहिलं, खाली वाकून हुंगलं, पुस्तक उघडलं आणि बंद केलं. सारवलेल्या जमिनीविषयी पुस्तकात हो किंवा नाही असं काहीच नव्हतं. त्यांना बसायला उंच खुर्ची पाहिजे होती. आबांनी शेतातला पाखरं राखायचा माळा उपटून आणून नेटच्या बाजूला रोवला होता. पंच शिडीनं त्यावर चढले. गोफण तेवढी काढून घेतली होती.

गुण लिहिण्याचा फलक माझ्याकडं दिला होता, कारण आकड्यात मी कुणाची गय करत नाही असा लौकिक होता. मी पूर्वेच्या बाजूच्या रेघेला लागून स्टुलावर बसलो. टेनिसचे आकडे मला आजही मान्य नाहीत. पहिला गुण पंधरा, दुसरा तीस, आणि तिसरा चाळीस. पंचेचाळीस का नाही, असं मी पंचांना सामन्याआधी विचारलं. ते म्हणाले, असंच असतं. मोजणीच्या धंद्यात असं उत्तर दिलं तर लोक बांधावर गाडतील.

गर्दी कुस्तीच्या मैदानाइतकी होती, आणि कुस्तीसारखीच बसली होती, म्हणजे गोल करून आणि रेघेपर्यंत. हलगी आणली होती. पहिल्या चेंडूला हलगी कडाडली तसे पंच माळ्यावर उभे राहिले आणि शांतता मागायला लागले. आबांनी लाऊडस्पीकरवरून त्यांना समजावलं की हलगीशिवाय पैलवानाचं रक्त तापत न्हाय. शेवटी हलगी दोन गेमच्या मधल्या वेळात वाजेल असं ठरलं. खेळाडू पाणी पीत तेव्हा हलगी वाजे, त्यामुळं ते दोघं विश्रांती संपवून लवकरच परत उभे राहत.

आता खेळाविषयी. मी तज्ज्ञ नाही, पण फलक माझ्या हातात होता. पहिला सेट मद्रासनं घेतला, दुसरा फ्रान्सनं. पाहुणा त्या मैदानावर असा धावत होता की जणू जन्मापासून शेणानं सारवलेल्या जमिनीवरच धावला असावा. तिसऱ्यात चार-चार, पाच-पाच, सहा-सहा. पंचांनी माळ्यावरून सांगितलं की शेवटच्या सेटमध्ये दोन गेमची आघाडी मिळेपर्यंत खेळायचं. सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला. सात-सात झाले. मी फलकावर दोन्हीकडं सात लिहिले आणि पाहुण्याकडं पाहिलं. तो हातावर फुंकर मारत होता. पुढची सर्व्हिस त्याची होती.

त्याच वेळी आबा मैदानात उतरले.

ज्यांनी आमच्याकडचं कुस्तीचं मैदान पाहिलेलं नाही त्यांना सांगायला पाहिजे. सारख्या तोलाचे दोन पैलवान तासभर भिडले, कुणी कुणाला आटपेना आणि दिवस मावळायला लागला, तर पंच आत जातात, दोघांचे हात धरून वर करतात आणि कुस्ती बरोबरीत सोडवतात. यात अपमान नसतो. उलट बरोबरीत सुटलेली कुस्ती लोक वर्षानुवर्षं आठवतात, आणि इनाम दोघांत वाटून देतात. आबांनी आयुष्यात अशा कितीतरी सोडवल्या होत्या. त्यांच्या मते आकडा सारखा, वेळ सांजेची आणि पोरं दमलेली. आता ओढत नेणं म्हणजे पोरांचे हाल. त्यांनी एका हातात फ्रान्सचा हात धरला, दुसऱ्यात मद्रासचा, आणि दोन्ही वर केले. लाऊडस्पीकरवाला ओरडला, "सात-सात! बरोबरीत सोडवली!"

हलगी सुटली. गुलाल उडाला. लोक रेघा ओलांडून आत आले. पंच माळ्यावर उभे राहून हातवारे करत होते, पण शिडी कुणीतरी फोटो काढायला नेली होती, आणि कुणीतरी खालून त्यांच्या हातात नारळ दिला होता. तालमीच्या पोरांनी पाहुण्याला खांद्यावर घेतलं. मंगळवारी त्यांच्याबरोबर माती तुडवणारा तो, त्यामुळं आधी त्यालाच घेतलं. मद्रासचा मुलगा मागं एकटा उभा राहिला, तेव्हा दुसऱ्या काहींना वाटलं की बरं दिसत नाही, आणि त्यांनी त्यालाही उचललं. दोघांना फेटे बांधले. मग आबांनी चांदीचं पाणी दिलेली गदा आणली. गदा एक, मानकरी दोन. आमच्याकडं यालाही रीत आहे. पहिले सहा महिने पाहुण्याकडं, कारण तो लांबचा. नंतरचे सहा महिने मद्रासला.

शिडी परत मिळून पंच खाली उतरले तोवर अंधारायला लागलं होतं. आबांच्या मांडवात त्यांनी सांगितलं की टेनिसमध्ये बरोबरी नसते. उद्या सकाळी दहाच्या आत त्यांना शेवटच्या आठवड्याच्या संयोजकांना एकच नाव कळवायचं आहे. सामना पहाटे, सात-सातपासून पुढं खेळवावा लागेल. मद्रासचा मुलगा लगेच तयार झाला. त्याच्याबद्दल मला आजही आदर आहे. आम्ही कंदील घेऊन मैदान बघायला गेलो. मैदान नव्हतं. कुस्त्या संपल्या की माती उकरून ठेवायची, ही तालमीची शिस्त. पोरांना ती कुणी सांगावी लागत नाही. त्यांनी अठ्ठ्याहत्तर बाय सत्तावीस सगळं उकरून मऊ केलं होतं.

पंचांनी पुस्तक काढलं. पंचांच्या परवानगीशिवाय जो खेळाडू मैदान सोडतो तो बाद, असा नियम त्यात होता. दोघांनीही सोडलं होतं. मग प्रश्न राहिला, आधी कुणी. पंच माझ्याकडं वळले. रेघ मी मारली होती आणि रेघेला लागून मीच बसलो होतो.

मला काय विचारलं जातंय आणि कशासाठी, हे मला नीट कळत होतं. आबांनाही कळलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फूटभर इकडं-तिकडं," ते म्हणाले, "तेवढं तर तुमच्या मोजणीच्या साखळीतबी असतंय."

मी म्हणालो, "असतं, पण मी ते लिहून देतो." आणि जे पाहिलं होतं ते सांगितलं. पाहुणा आधी गेला, पूर्वेच्या रेघेवरून, पोरांच्या खांद्यावर. तो बाहेर होता तेव्हा मद्रासच्या मुलाचे दोन्ही बूट आत होते.

पंचांनी पुस्तक मिटलं आणि मद्रासचं नाव लिहून घेतलं. आबांनी माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाले, "घरच्या पाहुण्यावर मोजणी घातलीत."

परतताना स्कूटरवर मी पाहुण्याला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. तो मागून म्हणाला की बरोबर आहे, त्यालाच आधी उचललं होतं, त्याला वरून मद्रासवाल्याचं डोकं दिसत होतं. घरी बायकोनं मला वाढलं आणि पाहुण्याच्या ताटाशी बसून राहिली. माझ्याशी ती दोन दिवस मोजकं बोलली. तालुक्यानं ज्याच्यावर जास्त जीव लावला तो बाद झाला, हे तिला पटत नव्हतं. नियम म्हणून मलाही पटत नव्हतं. पण मला नियम विचारला नव्हता, रेघ विचारली होती.

शुक्रवारी सकाळी मी त्याला भिगवणला सोडायला गेलो. पुण्याकडं जाणारी गाडी, मग मुंबई, मग घर, असं त्यानं ठरवलं होतं. रॅकेटांची पिशवी माझ्या पायाशी, कपड्यांची त्याच्या पाठीवर, आणि गदा त्याच्या खांद्यावर. आबांनी ती घरी पोचवलीच होती. वाटेत शेतातले लोक हात वर करत होते. तोही करत होता.

स्टेशनबाहेर एसटीडीचं दुकान होतं. त्याला वडिलांना फोन करायचा होता. मी हिशेब केला. आमचे अकरा म्हणजे त्यांचे सकाळचे साडेसहा, शेतकरी माणूस उठलेला असणार. दुकानदारानं काचेचं दार उघडून धरलं, पण पाहुणा आत गेला नाही. त्यानं मला विचारलं, मी हरलो का? वडील तेवढंच विचारतील, म्हणाला. बाद झालास का असं विचारणार नाहीत, आणि सांगितलं तर त्यांना कळणार नाही.

मी काल पंचांना उत्तर देताना जितका विचार केला तितकाच केला. मग म्हणालो, "शेवटचा आकडा मी लिहिला तो सात-सात. त्यानंतर चेंडू पडलेला नाही. तू हरलास असं मी कुठं लिहिलेलं नाही, आणि कुणी पाहिलेलंही नाही."

तो आत गेला. काचेतून मला तो दिसत होता. बोलणं थोडंच झालं, मग बराच वेळ तो नुसता फोन कानाला लावून उभा होता. बाहेर आल्यावर त्यानं मला सगळं सांगितलं. वडिलांनी विचारलं, हरलास का. तो म्हणाला, नाही. मग जिंकलास का. तो म्हणाला, नाही. मग काय झालं? त्यानं आबांनी हात वर केल्याचं सांगितलं. त्यावर वडील म्हणाले होते की हरलास की ये, असं मी सांगितलं होतं, हरला नाहीस तरी ये असं नव्हतं सांगितलं.

दक्षिणेत बंगळूरकडं पुढच्या आठवड्यात एक खुली स्पर्धा होती, सिमेंटवरची. महिनाअखेरीला त्याचे गुण गळणार होते, ते आता कुणी वाचवू शकत नव्हतं. तिथं त्याला क्रमांक नसलेल्यांच्या रांगेत उभं राहून सुरुवात करावी लागणार होती. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यानं आधी काढलेलं पुण्याचं तिकीट खिडकीत परत केलं आणि सोलापूरकडचं, बंगळूरच्या वाटेचं, मागितलं. तिकीटबाबूनं त्याच्याकडं, मग गदेकडं पाहिलं, आणि काचेच्या भोकातून मला विचारलं, "पैलवान कुठला म्हणायचा? जितला का?"

"फ्रान्सचा," मी म्हणालो. "अजून चालू हाय."

त्यानं तिकीट दिलं. पाहुणा रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर गेला.